खळग्यांची बाजू आत

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ती सगळं जाणत होती, तरी तिलाही तोंडानं कधी सांगितलं नाही, आणि आता ती राहिली नाही. पोराला नाही. देवापुढं उभा राहतो तेव्हा मी गुडघ्यांचं बोलतो, घरच्यांच्या तब्येतीचं बोलतो — हे सोडून सगळं बोलतो. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून तुमच्यापाशी सोपं जाईल असं वाटलं होतं. जाऊन नाही राहिलं. एवढ्या चार ओळींना अख्खी सकाळ लागली.

चौथी शिकलो मी. लिहिताना शाळेत शिकवलं तसं लिहायला जातो, पण मधीच घरचं बोलणं घुसते. चालवून घ्या. नाही घेतलं तरी मी काही बदलणार नाही, त्र्याहत्तर वर्षं नाही बदललो. नागपुरात सक्करदऱ्याला माझं स्वतःचं घर आहे, काळ्या दगडाच्या जोत्यावर उभं. आमच्या गल्लीत भिंतीवरून, नळावरून, गाडी कुठं लावायची यावरून दोन घरांत जुंपली की मला बोलावतात. मी सांगतो आणि लोक ऐकतात. 'आबाजी खोटं नाही बोलत' — हे मी पाठीमागून किती वेळा ऐकलं असेल? ऐकून किती वेळा छाती फुगवली असेल? एकदाही मागं वळून म्हटलं नाही, की थांबा बाप्पा, जरा थांबा.

मुद्द्यावर येतो.

नाही — आधी चारूचं सांगू द्या.

चारू म्हणजे माझ्या पोराची पोरगी. एकुलती. सत्ताविशीची आहे आता. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहते. दिवसा कॉम्प्युटरवर कोण्या कंपनीचं काम करते, आणि उरलेल्या वेळात जग बनवते. मस्करी नाही करत, तिचाच शब्द आहे. 'आबाजी, मी जग बनवून राहिली.' कादंबरी लिहिते, मराठीत, पण त्यातला मुलुख कुठल्या नकाशावर नाही. तो नकाशाही तीच काढते. भिंतभर कागद चिकटवलेले — नद्या, खाड्या, बर्फाचे डोंगर. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरला पाठ लावून, पोरगी बर्फ काढत बसते.

मी विचारलं, हे कुठलं वं? तर म्हणे उत्तरेच्या थंड देशांचं. तिथले जुने दर्यावर्दी लोक, त्यांना नॉर्स म्हणतात. आणि आयर्लंडकडचे ते केल्ट. जगात जे कोणी अशा जादूच्या मुलखांच्या गोष्टी लिहितात, ते बहुतेक याच दोन घरांतून सामान आणतात, असं तिचं म्हणणं. जमिनीखालचे बुटके लोहार नॉर्सांचे. टेकडीच्या पोटात राहणारी देखणी, रागीट माणसं केल्टांची. दगडावर कोरायची काटक्यांसारखी अक्षरं त्यांची, कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते कळू न देणारी गाठींची नक्षी यांची. एक झाड आहे म्हणे — ॲश नावाचं — त्याच्या मुळांत आणि फांद्यांत मिळून नऊ जगं. आणि एक देव आहे, त्यानं शहाणपण मिळावं म्हणून स्वतःचा डोळा काढून विहिरीला दिला. मला तो देव आवडला. मी म्हटलं, 'आपल्या गल्लीत दोन्ही डोळे देऊनही येणार नाही अक्कल.' तर किती हसली ती.

संध्याकाळी ती खाली येऊन माझ्यापाशी बसे. मी ऐकत असे. चौथीचा माणूस, पण मला ते समजत होतं. ती म्हणायची, जग बनवायचं तर आधी तीनच गोष्टी ठरवा लागते — मेलेले कुठी जातात, लोक कायले भेतात, आणि शपथ कायची घेतात. बाकी मंग आपोआप उगवते. हे मला पटलं. आमचं गावही तसंच बनलेलं होतं. एकदा म्हणाली, टेकडीतली माणसं लोखंडाला भितात. मी सहज म्हटलं, आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, तोही लोखंडाचाच. ती उठून उभीच राहिली. 'आबाजी, हेच! अगदी हेच!' — आणि वहीत लिहून घेतलं. माझं बोललेलं कोणी लिहून घेतलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मी त्या दिवशी गल्लीत ताठ चाललो.

बघा, अजून मी इकडंतिकडंच फिरून राहिलो.

तिच्या त्या जगाच्या मधोमध एक गोल आहे. मोठमोठ्या दगडांचा. त्यात पाय टाकला की माणूस दुसऱ्या जगात जाते. हे तिनं आयर्लंडकडून घेतलं. तिकडं असे गोल खरेच आहेत म्हणे, फार फार जुने, आणि तिथला शेतकरी आजही त्यांना हात लावत नाही. मी त्या दिवशी हरभऱ्याचे घाटे सोलत होतो. चारू सांगून राहिली होती, 'पाहा ना आबाजी, ट्रॅक्टरवर बसला आहे, खिशात मोबाईल आहे, अन् तरी गोल आला का वळसा घालून नांगरते थो माणूस!'

माझा हात थांबला. वळसा घालून नांगरणारा माणूस मी पाहिला होता. त्याच्याकडे ट्रॅक्टर नव्हता, बैल होते. तो माझा बाप होता.

मी एवढंच विचारलं, 'अन् ज्यानं वळसा नाही घातला, त्याचं काय होते?'

'तिकडचे म्हणतात, त्याच्या गाई आटतात, पोरं आजारी पडतात. माह्या पुस्तकात वेगळं आहे. त्या गोट्यायचं ज्यानं घर बांधलं, त्याले त्याचं घरच बाहेर निघू देत नाही. दार उघडलं का आत दुसरी खोली. थे उघडलं का आणखी आत.'

'मंग मरत काहून नाही थो?'

'मरायले पण बाहेर निघा लागते ना, आबाजी!'

ती हसली. मीही हसलो. काय करायला पाहिजे होतं मी? घाटे सोलत राहिलो. मी रोज बाहेर जातो. दूध आणतो, तलावाकडं चक्कर मारतो, आठवड्यातून एकदा इतवारीत जातो. मला कोण्या घरानं अडवलं नाही. तरी त्या दिवसापासून मी माझ्याच घराचं दार उघडताना कडीवर हात ठेवून जरा थांबतो. उघडलं तर समोर गल्लीच असेल ना? असते. आतापर्यंत तरी असते.

मग एकदा तिनं सपनाचं सांगितलं. लहानपणी तिला एक सपन पडलं होतं, ते अजून जात नाही. थंडीचं ऊन आहे, ती काळ्या दगडांच्या गोलात बसली आहे, एका दगडाच्या पाठीवर ओळीनं पाच खळगे आहेत आणि ती एकेका खळग्यात एकेक बोर ठेवून राहिली आहे. म्हणाली, 'त्या देशायचं काही वाचलं नव्हतं मी तवा. तरी कसं पडलं असंल? ताप आला होता ना मले? तुम्हीच तं सांगितलं होतं.'

हो. मीच सांगितलं होतं.

आता वाक्यं लहान ठेवतो. लांब वाक्यात पळायला जागा मिळते.

ते सपन नव्हतं. तो गोल आमच्या वावरात होता.

काटोल रोडच्या बाजूला आमचं वावर होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आता गाव राहिलंही नाही, नुसते प्लॉट आहेत. वावराच्या वरच्या अंगाला काळे गोटे होते, काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे, गोलात मांडलेले, आणि मधात मुरमाचा उंचवटा. बाप म्हणायचा, हे जुन्या काळच्या गवळ्यायचं आहे, गाई घेऊन फिरायचे, त्यांची माणसं आत झोपली आहेत. बाप तिथं बैल वळवायचा. त्याच्यामागं मीही बरीच वर्षं वळवले. बायको दिवाळीत एका गोट्याला शेंदूर लावायची. दुसऱ्या एकावर पाच खळगे होते. कोणी कोरले, कशासाठी कोरले, आम्ही कधी विचारलं नाही. होते.

चारू तेव्हा पाच वर्षांची. पोरगा आणि सून नोकरीपायी चंद्रपूरला, ही आमच्यापाशी. मी तिला स्कूटरवर पुढं उभी करून वावरात न्यायचो. मी काम करी, ती गोलात बसे. बोरं वेचून आणायची, खळग्यांत ठेवायची आणि म्हणायची, 'आतल्यायचं जेवण आहे.' तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. तीन गोष्टींतली पहिली — मेलेले कुठी जातात — ती त्या पोरीनं पाच वर्षांची असताना ठरवून ठेवली होती.

शहर सरकत सरकत आमच्या वावरापर्यंत आलं. लेआउट पाडणारा एक माणूस आला. जमीन त्याला पसंत पडली. गोलापाशी येऊन म्हणाला, 'काका, हे आधी साफ करून घ्या. कोणी साहेबानं पाहिलं अन् जुनं-पुराणं म्हणून लिहून नेलं, तं बसा मंग बोंबलत.' मी कोणाला विचारलं नाही. बायकोलाही नाही. जेसीबी बोलावला. अर्ध्या दिवसाचं काम. मधला उंचवटा उकरला तेव्हा काळी-लाल खापरं निघाली, गंजलेलं लोखंड निघालं, आणि —

आणखी काही पाहिलं नाही, असं लिहिणार होतो. पाहिलं. हाडं होती. चालवणाऱ्यानं मशीन थांबवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी हातानं खूण केली, चालू दे.

सक्करदऱ्याचं घर तेव्हा जोत्यावर आलेलं होतं. एवढा मजबूत दगड टाकून कसा द्यायचा? मी तो ट्रॉलीत भरून आणला. मिस्त्रीनं बाकीचे फोडून जोत्यात बसवले. पाच खळग्यांचा गोटा मात्र लांबट होता, पायरीला मापात बसत होता, म्हणून त्यानं फोडला नाही. मला विचारलं, 'मालक, हे खळगे वर घेऊ का? पाय नाही घसरणार.' मी म्हटलं, 'नाही. खळग्यांची बाजू आत घे.' त्यानं आत घेतली. सिमेंट भरलं. खालून तिसरी पायरी आहे ती. वरून पाहाल तर नुसता सपाट काळा दगड.

मधल्या काळात चारूला ताप येऊन गेला होता. तापातून उठल्यावर तिनं वावरात जायचा हट्ट धरला. मी नेलं. ती पळत वरच्या अंगाला गेली आणि उभी राहिली. सगळं सपाट. लेआउटवाला तिथंच होता, प्लॉट पाहायला आलेल्या दोघांना घेऊन. पोरगी माझ्याकडं वळली.

'आबाजी, गोटे कुठी गेले?'

ते तिघंही माझ्याकडं पाहत होते.

'कोणते गोटे वं?'

'थे. आतल्यायचे.'

'इथं कुठी गोटे होते? तुले ताप आला होता ना, सपन पडलं असंल.'

मी त्या लोकांकडं पाहून हसलो. तेही हसले.

तिथं संपलं असतं तर? पण ती माझीच नात होती. हटली नाही. शेजारणीला सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं. मी दरवेळी म्हणायचो, ताप डोक्यात गेला पोरीच्या. मग नवीन घराची वास्तू झाली. पंगत बसली होती. गावचे, गल्लीचे, पाहुणे, पोरगा-सूनही आले होते. मी वाढायला फिरत होतो. चारू मधात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, 'आबाजीनं गोटे चोरले.'

लोक हसले. लहान पोराचं बोलणं, कोण मनावर घेते? कोणीच घेतलं नव्हतं. मी घेतलं. जिलबीचं ताट खाली ठेवलं. तिचे दोन्ही हात धरून तिच्या कानांना लावले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, 'म्हण, मी खोटं बोलली.'

नाही म्हणाली.

मी तिच्या हातांवरून तिचे कान दाबले. 'म्हण.'

म्हणाली. मग मी म्हटलं, 'म्हण, तिथं काहीच नव्हतं.' तेही म्हणाली. रडली नाही. माझ्याकडं पाहत म्हणाली. गावचे जे पंगतीत होते, त्यांच्यातल्या किती जणांनी तो गोल पाहिला होता? सगळ्यांनी. कोणी मान वर केली नाही. बायकोनं त्या दिवशी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः जेवली नाही. मला विचारलंही नाही काही. त्यानंतर मरेपर्यंत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या काळी पोरांना मारायचेच. मी मारलं नाही. मारलेलं पोर विसरते. मी तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिच्या तोंडून पुसायला लावलं. आणि ते पुसलं गेलं, बरं का. थोड्याच महिन्यांत ती स्वतः सांगू लागली, मले ताप आला होता, मले सपन पडलं होतं. घरात तिचं नावच पडलं, सपनाळू. तिनं काही सांगितलं की पोरगा म्हणायचा, अर्धं सोडून द्या. तीही हसायची. आज ती कुलूप लावते आणि कुलपाचा फोटो काढते. गॅस बंद करते आणि बटनाचा फोटो काढते. मी विचारलं, हे काय करतं वं? तर म्हणाली, 'माह्या डोक्याचा भरोसा नाही आबाजी, नंतर वाटते, लावलंच नाही.' गल्लीतल्या बायांना ते गमतीचं वाटते. मला माहीत आहे ते कुठून आलं.

इथवर जे सांगितलं ते जुनं आहे. बावीस वर्षांचं. माणूस म्हणू शकते, तेव्हा मी तसा होतो. पण आणखी आहे.

मागच्या हिवाळ्यात तिचं लिखाण पुण्याच्या एका प्रकाशक बाईंनी वाचलं. त्यांना आवडलं. पण त्यांनी विचारलं, सगळं दुसऱ्यांच्या घरचं आहे, तुमच्या पायाखाली काय आहे? दुसरी पोरगी रागावली असती. ही एक निळी वही घेऊन खाली आली. तिनं ते सगळं जग पुन्हा मांडलं होतं, या वेळी आपल्या मातीवर. ॲशच्या जागी मोहाचं झाड. टेकडीतल्या माणसांच्या जागी पाण्यातल्या सात आसरा. दर्यावर्दींच्या जागी गाई घेऊन फिरणारे गवळी. बर्फ नाही, ऊन. आणि नऊ जगांच्या जागी नवतपाचे नऊ दिवस, मे महिन्याच्या शेवटी आपण नागपूरचे भाजून निघतो ते. एकेका दिवसाचं एकेक जग, मागच्यापेक्षा तापलेलं. मी चौथीचा माणूस, पण मला कळलं. हे पहिल्यापेक्षा भारी होतं. अंगावर काटा आला.

पण मधोमध गोलाची जागा तिनं कोरी ठेवली होती.

पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसली. कोणत्या पायरीवर, ते सांगत नाही. म्हणाली, 'आबाजी, मी वाचलं, आपल्या नागपूरच्या भवताल असे गोल आहेत. खरेच आहेत. मी एक पाहूनही आली. हुबेहूब माह्या सपनासारखा, पण माह्या गोट्यावर पाच खळगे होते, तिथं तसे नाहीत. आपल्या वावरात होता का गोल? आठवून सांगा. तुम्ही हो म्हटलं, तं मी आधीचं सारं बाजूला ठेवते अन् ही वही लिहिते. कारण मंग थे माह्यं आहे. अन् नसंल, तं नसंल. दुसऱ्यायचं आहे थे दुसऱ्यायच्याच नावानं लिहीन. पण उगीच आपलं म्हणून खोटं नाही लिहिणार.'

हो. एक अक्षर. तेवढंच पाहिजे होतं तिला.

मनात काय आलं, ते सांगतो. कायद्याची भीती नव्हती, आता कोण येते विचारायला? जमीन गेली, लेआउटवालाही गेला. मनात आली ती पंगत. हो म्हटलं की पंगतही खरी होणार होती. कान धरलेली पोरगी खरी आणि मी — ज्याच्या शब्दावर गल्ली चालते तो मी... एकदा बोललो ते बोललो, असं माझ्यातलं कोणीतरी म्हणालं. ते कोणीतरी दुसरं नव्हतं. मीच होतो.

'नव्हता,' मी म्हटलं.

'नक्की?'

एवढंच विचारलं तिनं. शपथ मागितली नव्हती. आमच्याकडे शपथ घेताना माणूस बोटांनी गळा धरतो. मी माझा नाही धरला. हात लांब करून तिचा धरला. 'तुह्या गळ्याची आण वं, चारू. तिथं काहीच नव्हतं.'

तिनंच मला सांगितलं होतं, की त्या थंड देशाच्या जुन्या लोकांत शपथ मोडणाऱ्याला मेल्यावर विषाच्या नदीतून चालावं लागते. त्यांच्यात याहून मोठा गुन्हा थोडाच होता. मला ते त्या क्षणी आठवत होतं. तरी हात तिच्या गळ्यावरच होता.

ती म्हणाली, 'बरं झालं विचारलं. म्हणजे डोकंच माह्यं तसं आहे.' आणि हसली. तीच मला धीर देत होती.

दुसऱ्या दिवशी निळी वही रद्दीत दिसली. मी काढून घेतली. माझ्या पेटीत आहे. हेही तिला माहीत नाही.

उन्हाळ्यात पुस्तकाचे छापायच्या आधीचे कागद आले. त्या प्रकाशक बाई जुन्या वळणाच्या, शेवटची तपासणी कागदावरच करतात. चारूनं दुरुस्त्या केल्या आणि सुरुवातीचं पान मला वाचून दाखवलं. 'या कथेतलं दगडांचं वर्तुळ मी केल्ट लोकांच्या कथांमधून घेतलं आहे. पुष्कळ वर्षं मी त्याला माझी आठवण समजत होते. ती आठवण नव्हती.' मग पान उलटलं. त्यावर एवढंच होतं — 'माझ्या आबाजींना. खरं काय आणि भास काय, हे ज्यांनी मला शिकवलं.'

वाचून ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते दुसऱ्याच कशाचं वाटलं. मी ते तसंच वाटू दिलं. म्हटलं, 'चांगलं लिहिलं वं.'

तो लिफाफा कुरिअरला टाकायचा होता. तिला काम होतं. मी म्हटलं, दे, मी टाकतो, मले इतवारीत जायचंच आहे. पाण्याचा पितळी गुंड गळत होता, तो झाळून आणायचा होता. कोणी मला पाठवलं नव्हतं. मी स्वतः मागून घेतला.

इतवारीत भांडेवाल्याच्या दुकानापुढं बाकावर बसलो. गुंड झाळायला तासभर लागला. तो तासभर लिफाफा माझ्या मांडीवर होता. खिशात फोन होता, चारूचा नंबर त्यात सगळ्यात वर आहे. ती घरीच होती. तिनं उचलला असता. भांडेवाल्यानं दोनदा चहा विचारला, मी एकदा घेतला. हातगाड्या जाऊन राहिल्या होत्या, टेम्पोवाले ओरडून राहिले होते, मला कसलीही घाई नव्हती. मला कळत होतं की हा तास आहे. नंतर असा तास मिळणार नाही. गुंड झाला. मी उठलो, कुरिअरच्या खिडकीशी गेलो आणि लिफाफा आत सरकवला. आतल्या माणसानं विचारलं, 'काय आहे काका यात?' मी म्हटलं, 'कागद.'

पुस्तक आता छापून आलं आहे. लोक वाचतात, पहिलं पान वाचून मला म्हणतात, नशीबवान आहात आबाजी. मी मान हलवतो.

त्या दिवशी लिफाफा टाकून घरी आलो तेव्हा चारूनं विचारलं, 'टाकलं?' मी म्हटलं, 'टाकलं.' तिनं ताट वाढलं. वांग्याची भाजी होती, वरण होतं, भाकर गरम होती. मला भूक लागली होती. मी पोटभर जेवलो.